कुठला आकडा कुठल्या फाइलमध्ये: कॉम्प्युटर व्हिजनसाठी इमेज फॉरमॅट निवडताना

डेप्थ मॅप, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं अंतर साठवणारं चित्र, जेपेगमध्ये सेव्ह केला तर कोणतंही सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. फाइल उघडते, चित्र दिसतं, जवळच्या वस्तू काळपट आणि लांबच्या उजळ, सगळं जागच्या जागी. आतले आकडे मात्र गेलेले असतात. १६ बिटांचे ८ झाले, आणि वस्तूच्या कडेला, जिथे अंतर २ मीटरवरून एकदम ९ मीटरवर जातं, तिथे ४, ५, ७ मीटरची कुठेच नसलेली अंतरं तयार झाली. पुढे पॉइंट क्लाउड (अंतरांवरून त्रिमितीत मांडलेले ठिपके) काढला की वस्तूंच्या कडांमागे हवेत तरंगणारे ठिपके दिसतात. ते मग लोक सेन्सरच्या माथी मारतात.

फॉरमॅट निवडण्याआधी फाइलमध्ये काय जाणार आहे याबद्दल चार गोष्टी लिहून काढाव्यात. प्रत्येक आकडा किती बिटांचा आहे, आणि पूर्णांक आहे की फ्लोट? चॅनेल किती? आकड्याचा अर्थ काय: उजेड, वर्गाचा क्रमांक, की मोजमाप? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: आकडा एखाद्या घराने इकडेतिकडे झाला तर चालेल का? रस्त्याच्या फोटोत १२७ च्या जागी १२८ आला तर कुणाचं काही बिघडत नाही. सेगमेंटेशन मास्कमध्ये, म्हणजे प्रत्येक पिक्सेल कुठल्या वर्गाचा हे लिहिलेल्या चित्रात, १२ च्या जागी १३ आला तर गाडीचं झाड होतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर जेपेग आणि इतर सगळे लॉसी (आकडे थोडेफार बदलणारे) फॉरमॅट तिथेच बाद.

फोटो: जेपेग आला असेल तर जेपेगच ठेवा

बहुतेक फोटो कॅमेऱ्यातून किंवा नेटवरून जेपेगमध्येच आलेले असतात. ते पीएनजीत बदलून ‘लॉसलेस’ करण्याची हौस टाळावी. गेलेली माहिती परत येत नाही, फाइल मात्र कितीतरी पटींनी फुगते. व्हिडिओतून काढलेल्या फ्रेमचंही तसंच. पीएनजीत ठेवली म्हणून ती व्हिडिओच्या कॉम्प्रेशनमधून सुटत नाही. मूळ फाइल बाइट न बदलता जपावी आणि जे काही बदल करायचे ते वाचल्यानंतर मेमरीत करावेत.

१९९२ च्या जेपेग मानकात चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकावर डीसीटी (चौकोनाची वारंवारतांत फोड करणारं गणित) केलं जातं आणि आलेले सहगुणक एका तक्त्याने भागून पूर्णांकात आणले जातात. तोटा होतो तो या भागाकारात. त्याआधी रंगाची माहिती बहुधा ४:२:० ने कमी केलेली असते, म्हणजे २×२ पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना. लाल दिवा, पिवळी रेघ, रंगीत वायर अशा बारीक गोष्टी ओळखायच्या असतील तर नुकसान चौकोनांपेक्षा इथे जास्त होतं. पायथॉनच्या पिलो लायब्ररीत सेव्ह करताना सबसॅम्पलिंग शून्य दिलं की रंग पूर्ण रिझोल्यूशनने, ४:४:४ मध्ये, राहतात.

‘क्वालिटी ९०’ हा आकडा मानकात नाही. प्रत्येक प्रोग्रॅम तो आपापल्या पद्धतीने भागाकाराच्या तक्त्यात बदलतो, म्हणून एका सॉफ्टवेअरचा ९० आणि दुसऱ्याचा ९० सारखे असतीलच असं नाही. काहीच सांगितलं नाही तर पिलो ७५ धरतो आणि ओपनसीव्ही ही दुसरी लायब्ररी ९५. दोघांनी मिळून एकाच डेटासेटचे फोटो लहान केले तर अर्धे फोटो एका क्वालिटीचे आणि अर्धे दुसऱ्या, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

वर्गीकरणात याचा फार मोठा फटका बसू शकतो. समजा खरे फोटो जेपेगमध्ये आहेत आणि संगणकाने बनवलेले पीएनजीत. नेटवर्कला फोटोतलं काहीच शिकावं लागत नाही, ८×८ च्या चौकोनांची पुसट जाळी दिसली की ‘खरा’ म्हणायचं, एवढं पुरतं. टेस्टवर अचूकता चढते, आणि दुसरीकडून आणलेल्या फोटोंवर सगळं कोसळतं. दोन्ही वर्गांचे फोटो एकाच वाटेने, त्याच फॉरमॅटने, त्याच क्वालिटीने आणि त्याच लायब्ररीने गेले पाहिजेत. मूळ फॉरमॅट वेगळे असतील तर किमान प्रशिक्षणात दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या क्वालिटीचं जेपेग कॉम्प्रेशन यादृच्छिकपणे लावावं.

डीकोडरही एकसारखे नसतात. उलट्या डीसीटीचे वेगवान आणि अचूक असे प्रकार आहेत, रंग परत मोठा करण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. एकच जेपेग दोन लायब्ररींनी उघडली तर काही पिक्सेल एक-दोनने, रंगाच्या कडांवर त्याहूनही जास्त वेगळे येतात. पेपरमधला आकडा शेवटच्या दशांशापर्यंत जुळत नसेल तर मॉडेलआधी डीकोडरची आवृत्ती तपासावी.

फिरलेला फोटो

फोन आडवा-उभा कसाही धरला तरी सेन्सर आपल्याच दिशेने लिहितो आणि ‘दाखवताना इतकं फिरवा’ अशी खूण एक्झिफमध्ये (फोटोसोबतच्या माहितीच्या नोंदीत) टाकतो. या ओरिएंटेशन टॅगचा क्रमांक २७४, किमती १ ते ८. १ म्हणजे जसं आहे तसं, ६ म्हणजे दाखवताना घड्याळाच्या दिशेने ९० अंश.

ओपनसीव्हीच्या सध्याच्या आवृत्त्या नेहमीच्या रंगीत वाचनात ही खूण पाळतात, पण ‘अनचेंज्ड’ पद्धतीने वाचलं तर पाळत नाहीत. पिलो आपणहून पाळत नाही. तिथे इमेजऑप्समधलं एक्झिफ ट्रान्सपोज मुद्दाम बोलवावं लागतं. ब्राउझरमधली ॲनोटेशनची साधनं बहुधा खूण पाळूनच फोटो दाखवतात. म्हणजे चौकटी काढल्या उभ्या फोटोवर आणि मॉडेलला गेला आडवा. काही फोटोंत चौकट चित्राच्या बाहेरच जाते, ते सापडतात. चौकट आतच राहिली तर कुणाला कळत नाही.

ॲनोटेशन सुरू होण्याच्या आधी सगळे फोटो खरोखर फिरवून घ्यावेत आणि टॅग १ करावा. जेपेगट्रानसारखं साधन पुन्हा कॉम्प्रेस न करता फिरवू शकतं, पण लांबी-रुंदी ८ किंवा १६ च्या पटीत नसेल तर कडेची पट्टी फिरत नाही. अशा वेळी ती पट्टी कापावी किंवा एकदाच ९५ च्या वरच्या क्वालिटीने पुन्हा लिहावं. ॲनोटेशन आधीच झालं असेल तर फोटोंना हात लावण्यापूर्वी ते कुठल्या दिशेवर झालं हे वीसेक फोटोंवर चौकटी काढून पाहावं.

पीएनजी: बहुतेक वेळा हेच उत्तर

पीएनजी १९९६ पासून आहे आणि संशोधनाच्या कामात त्याच्याइतका भरवशाचा फॉरमॅट दुसरा नाही. ग्रेस्केलसाठी १, २, ४, ८ आणि १६ बिट, रंगीतसाठी चॅनेलमागे ८ किंवा १६ बिट, कॉम्प्रेशन लॉसलेस, आणि प्रत्येक तुकड्याला सीआरसी (तपासणीचा आकडा), त्यामुळे डाउनलोडमध्ये बिघडलेली फाइल पकडता येते. फ्लोट ठेवता येत नाही.

कॉम्प्रेशन लेव्हल ० ते ९ असते. तिचा दर्जाशी काहीही संबंध नाही, फक्त लिहायला लागणारा वेळ आणि फाइलचा आकार बदलतो. कॅमेऱ्यातून थेट लिहिताना १ ठेवावी, नाहीतर प्रोसेसर मागे पडून फ्रेम गळतात. १९२०×१०८० चा एक रंगीत फ्रेम म्हणजे ६२,२०,८०० बाइट, आणि सेकंदाला ३० असतील तर साधारण १८७ मेगाबाइट. लेव्हल ९ ला हा ओघ झेपत नाही. कायमचं साठवताना मग रात्रभर लावून ९ ने पुन्हा लिहिता येतं, पिक्सेल तेच राहतात.

पीएनजी वाचतानाच्या चुका ठरलेल्या आहेत.

ओपनसीव्हीच्या इमरीड या वाचणाऱ्या फंक्शनला काही सांगितलं नाही तर तो सगळं ८ बिट, तीन चॅनेल करून देतो. १६ बिटांचा वरचा बाइट राहतो, खालचा जातो, आणि पारदर्शकतेचा चॅनेल गायब होतो. मोजमापाची फाइल वाचताना ‘अनचेंज्ड’ ही खूण दिलीच पाहिजे. रंगांचा क्रमही तिथे निळा-हिरवा-लाल असतो. आणि फाइल सापडली नाही तर इमरीड चूक दाखवत नाही, नन (काहीच नाही) परत देतो. मग पन्नास ओळी पुढे कुठेतरी वेगळीच चूक दिसते.

पिलो एका चॅनेलचं १६ बिट नीट वाचतो, पण तीन चॅनेलचं १६ बिट पीएनजी गुपचूप ८ बिटांवर आणतो. अशा फाइलींसाठी ओपनसीव्ही वापरावा.

आलेख काढणारा मॅटप्लॉटलिब पीएनजी वाचून ० ते १ मधले फ्लोट देतो. त्याच्या इमसेव्हने एका चॅनेलचा तक्ता लिहिला तर तो आधी किमान ते कमाल असा ताणला जातो, मग त्यावर रंगपट्टी चढते आणि चार चॅनेलचं चित्र तयार होतं. पेपरच्या आकृतीसाठी ठीक आहे. डेटा म्हणून अशी फाइल निकामी, कारण मूळ किमान-कमाल कुठेच लिहिलेलं नसतं.

उलट दिशेची चूकही नेहमीची. ० ते १ मधला फ्लोट तक्ता ओपनसीव्हीच्या इमराइटने पीएनजीत लिहिला की प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकावर जातो आणि २५६ किमतींपैकी फक्त ० आणि १ उरतात. चित्र पूर्ण काळं. लिहिण्याआधी २५५ ने गुणून ८ बिटांत आणणं आपलं काम.

मास्क आणि लेबल

इथे आकडा म्हणजे नाव. वर्ग ७ आणि वर्ग ९ यांची सरासरी वर्ग ८ होत नाही. त्यामुळे मास्क लॉसी फॉरमॅटमध्ये कधीही जात नाही, आणि लहान-मोठा करताना निअरेस्ट नेबरशिवाय (सगळ्यात जवळच्या पिक्सेलची किंमत जशीच्या तशी घेणं) दुसरी पद्धत चालत नाही. बायलिनियरने, म्हणजे शेजारच्या किमतींची सरासरी घेऊन, लहान केलेला मास्क दिसायला छान, गुळगुळीत असतो. मग ० आणि १५ च्या सीमेवर ४, ८, ११ असे भलतेच वर्ग निघतात.

पास्कल व्हीओसी या डेटासेटचे मास्क पॅलेट असलेल्या पीएनजीत आहेत: पिक्सेलमध्ये क्रमांक, आणि शेजारी कुठल्या क्रमांकाला कुठला रंग दाखवायचा याची यादी. २० वर्ग, ० ही पार्श्वभूमी, आणि २५५ म्हणजे ‘मोजू नका’, वस्तूंच्या कडेची ती पांढुरकी रेघ. पिलो अशी फाइल उघडून थेट क्रमांक देतो. ओपनसीव्ही पॅलेट उलगडून रंग देतो, आणि ग्रेस्केल मागितलं तर त्या रंगांचा करडा, ज्याचा वर्गाशी काही संबंध नाही. पॅलेट असलेले मास्क पिलोनेच वाचावेत. तिथेही मोड बदलण्याची आज्ञा देऊ नये, तिने क्रमांकांचे रंग होतात.

२५५ हा आकडा लॉस फंक्शनला (मॉडेलची चूक मोजणाऱ्या सूत्राला) ‘दुर्लक्ष करा’ म्हणून सांगायचा राहिला तर जीपीयूवर इंडेक्सची अगम्य चूक येते. मास्क वाचल्यावर त्यातल्या वेगवेगळ्या किमतींची यादी छापून पाहण्याची सवय इथे कामी येते. २१ वर्गांच्या डेटासेटमध्ये ० ते २० आणि २५५ याखेरीज काही दिसलं तर पुढे जाऊ नये.

एका चित्रात २५६ पेक्षा जास्त वस्तू वेगळ्या ओळखायच्या असतील, उदाहरणार्थ सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी, तर १६ बिटांचं पीएनजी घ्यावं. कोको डेटासेटच्या पॅनॉप्टिक (पिक्सेलला वर्ग आणि वस्तू दोन्ही देणाऱ्या) फाइलींनी दुसरा मार्ग घेतला आहे. क्रमांक तीन चॅनेलमध्ये वाटला आहे: लाल, अधिक २५६ गुणिले हिरवा, अधिक ६५,५३६ गुणिले निळा. ओपनसीव्हीने वाचून लाल-निळे उलटे राहिले तर क्रमांक तरीही ‘येतात’, फक्त यादीशी जुळत नाहीत. कोकोच्याच रन-लेंग्थ (सलग सारखे पिक्सेल किती ते लिहिणाऱ्या) मास्कमध्ये पिक्सेल वरून खाली, कॉलमने मोजलेले असतात. ओळीने मोजले तर मास्क तिरका फाटल्यासारखा दिसतो, त्यामुळे ही चूक निदान लगेच कळते.

अंतर, डिस्पॅरिटी, ऑप्टिकल फ्लो

डिस्पॅरिटी म्हणजे दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांत एकच बिंदू किती पिक्सेल सरकला, आणि ऑप्टिकल फ्लो म्हणजे दोन फ्रेममध्ये प्रत्येक पिक्सेल किती हलला. मोजमाप अपूर्णांकात असतं आणि पीएनजीत पूर्णांकच मावतात, म्हणून प्रत्येक डेटासेट आपला गुणक ठरवतो. टीयूएम आरजीबी-डीमध्ये ५००० म्हणजे १ मीटर. किट्टीच्या डेप्थ आणि डिस्पॅरिटीत आकड्याला २५६ ने भागायचं. बऱ्याच डेप्थ कॅमेऱ्यांच्या फाइली सरळ मिलिमीटरमध्ये असतात. सिटीस्केप्समध्ये आधी १ वजा, मग २५६ ने भाग. या चारही ठिकाणी ० चा अर्थ ‘मोजमाप नाही’ असा आहे, शून्य अंतर असा नाही.

स्वतःचा डेटा लिहिताना गुणक आपण ठरवायचा. १६ बिटांत ६५,५३५ पर्यंत जाता येतं. मिलिमीटर धरले तर ६५.५ मीटरपर्यंत, १ मिलिमीटरच्या पायरीने. ५००० चा गुणक धरला तर १३.१ मीटरपर्यंतच, पण पायरी ०.२ मिलिमीटर. २५६ चा धरला तर जवळजवळ २५६ मीटर आणि पायरी साधारण ३.९ मिलिमीटर. खोलीतल्या कामाला मधला, रस्त्यावरच्या कामाला शेवटचा. कमाल मर्यादेपलीकडचं अंतर आलं तर ते ० करावं. बिनखुणेचा (ऋण न होणारा) आकडा गुंडाळून पुन्हा लहानापासून सुरू होऊ दिला तर मिलिमीटरच्या फाइलीत ७० मीटरवरची भिंत साडेचार मीटरवर येते.

गुंडाळण्याचा हा घोळ वाचतानाही होतो. सिटीस्केप्सच्या ० मधून १ वजा केला आणि तक्ता अजून १६ बिट बिनखुणेचाच असला, तर उत्तर ६५,५३५ येतं, म्हणजे २५६ च्या आसपास डिस्पॅरिटी. मोजमाप नसलेला प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्याला चिकटतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी शून्यांची जागा वेगळ्या मास्कमध्ये टिपायची, मग तक्ता फ्लोटमध्ये बदलायचा, त्यानंतर वजाबाकी आणि भागाकार.

किट्टीच्या ऑप्टिकल फ्लोच्या फाइली तीन चॅनेल, १६ बिट पीएनजी आहेत. लालमध्ये आडवी गती, हिरव्यात उभी, दोन्हींमधून ३२,७६८ वजा करून ६४ ने भागायचं, आणि निळ्यात ‘हा पिक्सेल ग्राह्य की नाही’. ओपनसीव्हीत निळा पहिला येतो, म्हणजे ग्राह्यतेची खूण पहिल्या चॅनेलमध्ये आणि आडवी गती तिसऱ्यात. याच फाइली पिलोने उघडल्या तर ८ बिट होऊन हाती काहीच लागत नाही.

मिडलबरीचं एफएलओ याहून सोपं: सुरुवातीला २०२०२१.२५ हा ४ बाइटचा फ्लोट, मग रुंदी, उंची, आणि पुढे प्रत्येक पिक्सेलचे आडवा-उभा असे दोन ३२ बिट फ्लोट, सगळं लिटल एंडियन (लहान बाइट आधी). पहिला आकडा २०२०२१.२५ आला नाही तर बाइटचा क्रम उलटा आहे किंवा फाइल भलतीच आहे. आणि १०० कोटींहून मोठा फ्लो दिसला तर तो ‘अज्ञात’ आहे, सरासरीत घेऊ नये.

डिस्पॅरिटी मॅप अर्ध्या आकाराचा केला तर आतले आकडेही निम्मे करावे लागतात, कारण ते पिक्सेलमध्येच मोजलेले असतात. फ्लोचंही तसंच. डेप्थ मीटरमध्ये असते, तिला हात लावायचा नाही. आणि तिन्हींमध्ये लहान करताना शेजारच्या शून्यांशी सरासरी होता कामा नये.

पीजीएम, पीपीएम, पीएफएम

नेटपीबीएम कुटुंब जुनं आणि अगदी सरळ. स्वतः सी मध्ये वाचक लिहायचा असेल तर पंधरा-वीस ओळींत होतो. पी५ म्हणजे बायनरी ग्रेस्केल, पी६ म्हणजे बायनरी रंगीत. मग रुंदी, उंची, कमाल किंमत, एक मोकळी जागा किंवा ओळबदल, आणि लगेच पिक्सेल. ६४०×४८० ची ८ बिट ग्रेस्केल फाइल नेमकी ३,०७,२०० बाइट अधिक हेडर. साधं हेडर १५ बाइटचं, म्हणजे ३,०७,२१५. आकार एवढा नसेल तर दोनच कारणं संभवतात: फाइल तुटली आहे किंवा हेडरमध्ये टिप्पणी आहे. काही सॉफ्टवेअर हेडरमध्ये हॅशने सुरू होणारी ओळ घालतात आणि घरी लिहिलेले वाचक बहुधा तिथेच अडखळतात.

कमाल किंमत २५५ पेक्षा जास्त असली की प्रत्येक आकडा दोन बाइटचा होतो आणि मोठा बाइट आधी येतो. नेहमीचे प्रोसेसर लिटल एंडियन आहेत, म्हणजे बाइट उलटावे लागतात. न उलटता दाखवलं तर चित्रात आकार ओळखू येतो, पण सगळीकडे मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

पीएफएम हे याचं फ्लोट भावंड, मिडलबरीच्या २०१४ च्या स्टिरिओ डेटासेटमध्ये वापरलेलं. तिसऱ्या ओळीतला आकडा ऋण असेल तर लिटल एंडियन. ओळी खालून वर लिहिलेल्या असतात, त्यामुळे डिस्पॅरिटी उलटी दिसली तर मॉडेल नाही, वाचक चुकला आहे. अज्ञात जागी अनंत ही किंमत असते. एक जरी अनंत सरासरीत शिरला तर उत्तरही अनंतच येतं.

टिफ ही पिशवी आहे

‘टिफमध्ये पाठवा’ म्हणणं म्हणजे ‘पिशवीतून पाठवा’ म्हणण्यासारखं. आत ८ बिट असेल, १६ असेल, ३२ बिट फ्लोट असेल, शेकडो पानं असतील, जेपेगने दाबलेलं चित्रही असेल. सूक्ष्मदर्शक आणि उपग्रहाच्या चित्रांत टिफला पर्याय नाही, पण ‘टिफ म्हणजे लॉसलेस’ हा समज चुकीचा आहे. कॉम्प्रेशनचा टॅग पाहिल्याशिवाय तसं म्हणू नये.

जुन्या टिफमध्ये ३२ बिटांचे पत्ते असल्याने ४ गिगाबाइटची मर्यादा आहे. त्यापुढे बिगटिफ लागतं, आणि लिहिताना ते आधीच सांगावं लागतं, नाहीतर चार तास चाललेलं स्कॅनिंग शेवटच्या पानावर पडतं. १६ बिटांचा गोंगाट असलेला डेटा एलझेडडब्ल्यू या लॉसलेस पद्धतीने दाबला तर फाइल उलट मोठी होऊ शकते. शेजारच्या पिक्सेलमधला फरक लिहिणारा प्रेडिक्टर लावला की बराच फरक पडतो: पूर्णांकांना प्रेडिक्टर २, फ्लोटला ३. बहुपानी टिफ साध्या वाचकाने उघडली तर पहिलंच पान मिळतं. पायथॉनमध्ये टिफफाइल ही लायब्ररी वापरावी. आणि करड्या टिफमध्ये ‘० म्हणजे पांढरा’ अशी खूण असू शकते. चित्र निगेटिव्हसारखं दिसलं तर आधी ती पाहावी.

फ्लोट हवाच असेल तर

ओपनईएक्सआर हे २००३ पासून खुलं आहे आणि सिंथेटिक डेटा बनवणारी ब्लेंडरसारखी साधनं ते थेट लिहितात. त्यात १६ बिटांचा ‘हाफ’, ३२ बिटांचा फ्लोट आणि ३२ बिटांचा पूर्णांक असे तीन प्रकार आहेत, आणि घोटाळा हाफमध्ये होतो. हाफची कमाल किंमत ६५,५०४, आणि २०४८ च्या पुढे प्रत्येक पूर्णांकही नेमका मावत नाही. मीटरमध्ये अंतर लिहिलं तर ८ ते १६ मीटरच्या पट्ट्यात पायरी जवळजवळ ८ मिलिमीटर होते. उजेडासाठी हाफ उत्तम, अंतर आणि वस्तूंच्या क्रमांकांसाठी ३२ बिटच घ्यावेत. कॉम्प्रेशन झिप किंवा पिझ निवडावं, दोन्ही लॉसलेस आहेत. डीडब्ल्यूएए आणि बी४४ लॉसी आहेत. ओपनसीव्हीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ईएक्सआर मुळात बंद असतं, ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, लायब्ररी लोड होण्याआधी, सुरू करावं लागतं.

प्रयोगाच्या मधल्या पायरीसाठी नमपायचं एनपीवाय पुरेसं आहे. प्रकार, आकार, बाइटचा क्रम सगळं हेडरमध्ये असतं आणि मेमरी मॅपने मोठ्या फाइलचा हवा तेवढाच तुकडा वाचता येतो. दुसऱ्याला देण्यासाठी मात्र ते सोयीचं नाही, कुठल्याही साध्या व्ह्यूअरमध्ये उघडत नाही.

सेन्सरचा कच्चा डेटा आणि डायकॉम (वैद्यकीय चित्रांचा फॉरमॅट) यांच्याबद्दल इथे एवढंच: फाइलमधला आकडा आणि खरा आकडा यांत नेहमी एक सूत्र असतं. कच्च्या फोटोत आधी ब्लॅक लेव्हल वजा करावी लागते. सीटी स्कॅनमध्ये स्लोपने गुणून इंटरसेप्ट मिळवला तरच हाउन्सफिल्ड एकक (सीटीतल्या घनतेचं माप) मिळतं. डायकॉममध्ये मोनोक्रोम१ लिहिलेलं असेल तर लहान आकडा उजळ दाखवायचा असतो.

वेबपी, एव्हीआयएफ, एचईआयसी हे दाखवण्यासाठी आणि पाठवण्यासाठी चांगले, संशोधनाच्या मूळ प्रतीसाठी नाहीत. लॉसी वेबपी नेहमी ४:२:० असतं आणि एका बाजूला १६,३८३ पिक्सेलच्या पुढे जात नाही. फोनमधून एचईआयसी येत असेल तर शक्यतो कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच जेपेग निवडावं.

फाइली लाखांत गेल्या की

दहा लाख छोट्या फाइली असल्या की डिस्कचा वेग फाइल उघडण्या-मिटण्यातच जातो, नेटवर्कवरच्या डिस्कवर तर फारच. तेव्हा टार, एलएमडीबी किंवा एचडीएफ५ मध्ये एकत्र बांधावं. आत मात्र मूळ जेपेग किंवा पीएनजीचे बाइट जसेच्या तसे ठेवावेत, उलगडलेले पिक्सेल नाहीत, नाहीतर आकार दहापट होतो. टारचे तुकडे काहीशे मेगाबाइट ते एक गिगाबाइटच्या दरम्यान ठेवले तर वाचन सलग होतं. फक्त बांधताना फाइलींचा क्रम आधीच विस्कटून घ्यावा, नाहीतर पहिल्या तुकड्यात नुसती कुत्री आणि शेवटच्यात नुसती विमानं.

छोट्या चित्रांचे जुने डेटासेट तर हेडरशिवायच किंवा नाममात्र हेडरने चालतात. एमनिस्टच्या प्रशिक्षण फाइलीत १६ बाइटचं हेडर, मग ६०,००० वेळा २८×२८ बाइट, एकूण ४,७०,४०,०१६. हेडरमधले आकडे बिग एंडियन, पहिला २०५१. सीफार-१० च्या बायनरी फाइलीत प्रत्येक नोंद ३०७३ बाइटची: लेबल, मग १०२४ लाल, १०२४ हिरवे, १०२४ निळे. रंग पिक्सेलागणिक एकत्र आहेत असं धरलं तर एकाच चित्राच्या करड्या छोट्या प्रती शेजारी-शेजारी दिसतात.

डेटासेट हातात आला की, वापरण्याआधी

१. एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवू नका, पहिले बाइट वाचा. पीएनजीत पहिल्या बाइटनंतर पीएनजी हीच तीन अक्षरं असतात. टिफ दोन आय किंवा दोन एम ने सुरू होतं. इमेजनेटमध्येही जेपेग नावाची एक फाइल प्रत्यक्षात पीएनजी आहे आणि काही जेपेग सीएमवायके रंगांत आहेत.

२. प्रत्येक फाइल पूर्ण डीकोड करा, नुसतं हेडर वाचून थांबू नका. अर्धवट जेपेग काही लायब्ररी खालचा भाग करडा भरून मुकाट्याने देतात. पिलो अशा वेळी अडतो, म्हणून तपासणी त्याच्याकडून करून घ्यावी.

३. लांबी, रुंदी, चॅनेल, बिट यांची मोजदाद करा. कोकोतही काही फोटो एकाच चॅनेलचे आहेत. स्क्रीनशॉटमध्ये चौथा चॅनेल हमखास असतो.

४. मास्कमधल्या वेगळ्या किमती, आणि मोजमापाच्या फाइलींत किमान, कमाल, शून्यांचं प्रमाण छापा. १६ बिट म्हणवणाऱ्या फाइलीत कमाल २५५ च्या आत असेल तर ती वाटेत कुठेतरी ८ बिट झाली आहे.

५. आपल्या लिहिणाऱ्या कोडची परीक्षा घ्या. ०, १, २५५, २५६, ३२,७६८, ६५,५३५ हे आकडे असलेला आडवा, चौकोनी नसलेला छोटा तक्ता लिहून परत वाचा आणि एकेक आकडा ताडून पाहा. चौकोनी तक्त्यात ओळी-कॉलमची अदलाबदल लपून राहते.

६. डेटासोबत एक साधी मजकूर फाइल ठेवा: एकक, गुणक, ‘मोजमाप नाही’ याची किंमत, चॅनेलचा क्रम, मूळ बिंदू कुठल्या कोपऱ्यात, ओरिएंटेशन फिरवलेलं आहे की नाही, लिहिणाऱ्या लायब्ररीची आवृत्ती, आणि प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते ओळखणारा ठसा). फोल्डर कॉपी करताना ही फाइल मागे राहू नये म्हणून गुणक फोल्डरच्या नावातही घालावा, ‘डेप्थ_१६बिट_५०००’ असा.